जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट भरलंय, आता मुलीजवळ वेगळे पैसे द्यावे लागतील का?

नमस्कार. मुलगी ऑक्टोबरमध्ये मास्टर्सला जर्मनीला निघालीय, ब्लॉक्ड अकाउंटात (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरून झालेत, मग आणखी कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये आहे. माझं उत्तर: द्या, किमान दोन-अडीच हजार युरो तरी द्या.

कारण ब्लॉक्ड अकाउंटातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही तिचं इथलं बँक खातं सुरू झाल्यावर. खर्च मात्र पहिल्याच महिन्यात अंगावर येतो. सगळ्यात मोठा डिपॉझिटचा. घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याएवढं (हीटिंग-पाणी सोडून) मागू शकतो. पण ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ३५० युरोच्या खोलीसाठी १,०५० युरो एका दमात दिले आणि पुढचे तीन आठवडे भात-आमटीवर काढले. शिवाय युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी. आणि आरोग्य विमा, तो महिन्याला साधारण १४०-१५० युरो. ती आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येणार असेल, तर सरकारी युनिव्हर्सिटीतही दर सेमिस्टरला १,५०० युरो शिकवणी फी वेगळी.

आता कागदपत्रं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. "खोली देतो, पण आनमेल्डुंग नाही" असं कुणी म्हणालं, तर खोली कितीही स्वस्त असू दे, घेऊ देऊ नका. पुढची बरीचशी कामं याच एका कागदावर अडतात. व्हिसा सुरुवातीला काही महिन्यांचाच मिळतो. तो संपायच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज गेलाच पाहिजे (फी साधारण १०० युरो). अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, म्हणून पोचल्या पोचल्या मागायची.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी भरावीच लागते. मात्र ती माणशी नसून घरामागे असते, तेव्हा रूममेट्सनी वाटून घ्यावी.

आणि एक बारीक गोष्ट. इथे पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. माझं नाव पेटीवर नव्हतं, तर बँकेचा पिन आणि टॅक्स नंबर दोन्ही परत गेले. तिचं आडनाव छापलेली दोन-चार लेबलं तिकडूनच बॅगेत टाका.