जसप्रीत बुमराह अनिल कुंबळेचा 619 कसोटी बळींचा भारतीय विक्रम मोडू शकेल का?

नाही. कौशल्यात कमी पडेल म्हणून नव्हे, तेवढे चेंडू टाकायला शरीर साथ देणार नाही म्हणून.

अशा प्रश्नावर सगळे सामने मोजत बसतात. मी चेंडू मोजतो, कारण वेगवान गोलंदाजाची झीज चेंडूगणिक होते. फिरकीपटू कुंबळेनं 132 कसोटींत 40,850 चेंडू टाकून 619 बळी घेतले, म्हणजे साधारण 66 चेंडूंना एक. बुमराहनं डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला ट्रॅव्हिस हेडला बाद करून 200 चा टप्पा गाठला, तो 44 व्या कसोटीत आणि 8,484 चेंडूंत. इथं 42 चेंडूंना एक बळी पडतो. याच गतीनं 619 साठी त्याला सव्वीस हजारांच्या वर चेंडू टाकावे लागतील.

आता कपिल देवकडे बघा. 131 कसोटी, 27,740 चेंडू, 434 बळी. तेवढेच चेंडू बुमराहनं याच गतीनं टाकले तर आकडा साडेसहाशेच्या घरात जातो! म्हणजे कागदावर कुंबळे मागे पडतो. पण कपिलनं दुखापतीमुळे एकही कसोटी चुकवली नाही, आणि बुमराहची पाठ तशी नाही. छोटा रनअप, शेवटच्या क्षणी अंगातून काढलेला सगळा वेग, त्या झटक्याचा भार थेट कमरेवर. 2022 चा टी-20 विश्वचषक त्याच पाठीनं हुकवला, 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात 151.2 षटकं टाकून 32 बळी घेतले, आणि सिडनीच्या दुसऱ्या डावात, नेमकी गरज असताना, त्याला चेंडू हातात घेता आला नाही. पुढे चॅम्पियन्स ट्रॉफीही त्याला खेळता आली नाही. 2025 ला इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच ठरलं होतं. त्यातही मँचेस्टरला एका डावात त्यानं कसोटी कारकिर्दीत पहिल्यांदाच शंभरावर धावा दिल्या. थकवा उघड दिसत होता.

त्या दौऱ्याअखेर हिशेब होता 48 कसोटी, 219 बळी. पदार्पण जानेवारी 2018 चं, म्हणजे वर्षाला सरासरी सहा-साडेसहा कसोटी. उरलेले 400 बळी याच चालीनं घ्यायचे तर आणखी चौदा वर्षं लागतील. जन्म डिसेंबर 1993 चा आहे, वयाचं गणित तुम्हीच करा.

‘मग इंग्लंडचा वेगवान गोलंदाज अँडरसननं 704 कसे घेतले?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. अँडरसननं 2015 च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय क्रिकेट सोडलं, पस्तिशीत 500 वा बळी घेतला आणि त्यानंतर आणखी दोनशेवर घेतले. त्याची ॲक्शन मऊ, शिवाय फक्त लाल चेंडूसाठी, म्हणजे कसोटीसाठी, जपलेला माणूस. आपल्याकडे बुमराह तिन्ही प्रकारांत हवा असतो, वर आयपीएल. (आयपीएलची चार षटकं म्हणजे काय मोठं, असं म्हणणाऱ्यांनी दोन महिन्यांचा प्रवास आणि सरावही मोजावा.)

विक्रम सोडून बोलायचं तर मला त्याचे दोन चेंडू आठवतात. 2018, मेलबर्न: लंचआधीचा शेवटचा चेंडू, समोर शॉन मार्श. रोहितनं मिड-ऑफवरून सुचवलं, यानं हळुवार यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, सोडला. चेंडू हवेत खाली बसत गेला, मार्शची बॅट कधीच पुढे निघून गेली होती, पायचीत. दुसरा 2024 चा, विशाखापट्टणमला, पाटा खेळपट्टीवर. रिव्हर्स होणारा, म्हणजे जुन्या चेंडूनं उलट दिशेला वळणारा यॉर्कर ऑली पोपच्या बॅटखालून आत शिरला आणि दोन यष्ट्या उडाल्या. 200 बळी पूर्ण झाले तेव्हा सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, विसाच्या आत होती. दोनशेवर कसोटी बळी घेणाऱ्यांत असा दुसरा कुणीही नाही, ऑस्ट्रेलियाचा मॅकग्राही नाही, वेस्ट इंडीजचा मार्शलही नाही.

माझ्या मते खरी शर्यत 619 ची नाहीच, ती कपिलच्या 434 ची आहे. भारतीय वेगवान गोलंदाजांत तोच आकडा सर्वात वर. झहीर खाननं दुखापती सोसत 18,785 चेंडू टाकले आणि 311 बळी घेतले. बुमराह झहीरइतका टिकला आणि गती राखली, तर 440 च्या आसपास पोचतो. मात्र पस्तिशीकडे झुकताना वेग उतरतो आणि 42 चेंडूंचे 50 व्हायला वेळ लागत नाही. तसं झालं तर त्याच चेंडूंत, आधीचे बळी धरूनही, चारशेच्या आसपासच मिळतात.

2027 च्या विश्वचषकानंतर त्यानं पांढरा चेंडू, म्हणजे एकदिवसीय आणि टी-20, बाजूला ठेवला, तर 434 वर मी पैज लावेन. तिन्हीकडे खेळत राहिला तर माझा अंदाज 350 च्या आगेमागे.