पश्चात्ताप, पस्तावा आणि विश्वास ठेवणं

प्रश्न असा आहे: ‘पश्चात्ताप म्हणजे केल्याचं वाईट वाटणं. मग वाईट वाटलं आणि विश्वास ठेवला की ख्रिस्ती अर्थानं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं का? आणि इथे श्रद्धा हा शब्द का चालत नाही?’

आधी शब्द. पश्चात् + ताप, म्हणून त दोनदा. मागाहून होणारा ताप, मनाची जळजळ. मराठी शब्द तेवढंच सांगतो. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) येशू ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’ म्हणतो, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ याच्या कुळातला आहे: मन पालटणं. त्याच्या मागे हिब्रू संदेष्ट्यांचा ‘शूव’ उभा आहे, आणि त्याचा अर्थ सरळ ‘परत फिरणं’. म्हणजे मूळ शब्दांत जळजळीपेक्षा वळण मोठं आहे. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या प्रबंधांतला पहिलाच मुद्दा हा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. नुसती जळजळ धरली तर हे वाक्य भयंकर वाटतं. वळण धरलं की उलगडतं.

यहूदा आणि पेत्र हे येशूचे दोन शिष्य शेजारी ठेवून पाहा. यहूदानं येशूला धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची ३० नाणी परत नेली, ‘मी पाप केलं’ असंही तो म्हणाला. हे सांगताना मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात मेटानोइया वापरलेला नाही, ‘मेटामेलोमाइ’ हे वेगळं क्रियापद वापरलं आहे. आपल्याकडे त्याला पस्तावणं म्हणू. यहूदा पस्तावला, पण येशूकडे वळला नाही. पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं, आणि कोंबडा आरवल्यावर तोही ढसाढसा रडला. मात्र पुढे, येशू पुन्हा उठल्यावर, होडीत असताना किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच त्यानं अंगरखा कमरेला गुंडाळला आणि पाण्यात उडी घेतली. किनारा जेमतेम २०० हातांवर होता, होडी पोचणारच होती, तरी त्याला दम निघाला नाही. मला पश्चात्तापाचा अर्थ त्या उडीत दिसतो, रडण्यात नाही. आणि तीच उडी विश्वासही आहे. पाठ फिरवणं आणि तोंड वळवणं या दोन हालचाली नसतात.

म्हणून ‘आधी पुरेसा पश्चात्ताप, मग विश्वास, मग तारण’ असा हिशेब मला पटत नाही. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे होतं आणि ते देवाचं दान आहे, असं स्पष्ट म्हटलंय. अश्रू ही त्याची किंमत नव्हे.

आता विश्वास. मराठीत ‘विश्वास असणं’ आणि ‘विश्वास ठेवणं’ यांत फरक आहे, आणि इथे तो फार उपयोगी पडतो. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. त्यांची खात्री पक्की आहे, पण ती स्वतःला त्याच्यावर सोपवत नाहीत. ठेवणं म्हणजे सोपवणं, ठेव ठेवतो तसं. ग्रीक ‘पिस्तिस’मध्ये हा भरवसा आहे. श्रद्धा हा शब्द चुकीचा नाही, पण श्रद्धा ‘असते’ किंवा ‘बसते’. विश्वास आपण उचलून कुणावर तरी ‘ठेवतो’. मला इथे तेच क्रियापद हवं.