होका, मतलई आणि तुझी डिंगी

विजयदुर्ग, जानेवारी

प्रिय ओवी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. सेलिंग क्लबच्या सरांनी तुम्हाला सांगितलं की स्टारबोर्ड म्हणजे पूर्वी जहाज वळवायचं वल्हं ज्या बाजूला असे ती बाजू. मग प्रत्येकाला आपापल्या घरच्या भाषेतले जहाजाचे पाच शब्द आणायला सांगितले. तुला होडी आणि शीड एवढंच आठवलं, आणि तू विचारलंस, "आई, मराठीत एवढेच शब्द आहेत का? की आपली माणसं समुद्रात जायचीच नाहीत?"

त्या दुसऱ्या प्रश्नानं मला झोप लागेना. तू ज्या घरातली नात आहेस त्या घराच्या पडवीत तुझ्या पणजोबांच्या गलबताची लाकडी कप्पी आजही टांगलेली आहे. साउथॅम्प्टनच्या बारा वर्षांत हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. म्हणून आज सकाळीच मामाला माळ्यावरून पेटी काढायला लावली.

पेटी म्हणजे वीतभर लांब-रुंद सागवानी डबा, झाकणाला पितळी कडी. झाकण फुगून घट्ट बसलं होतं, मामानं सुरीच्या पाठीनं ते हळूच उचकटलं. आत पितळेची वाटी, तिच्यावर काच, काचेखाली फिरती तबकडी. उत्तरेच्या जागी फुलासारखी नक्षी. वाटी दोन पितळी कड्यांमध्ये अशी टांगली आहे की पेटी कशीही कलती केली तरी वाटी सपाटच राहते. मी पेटी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली, तबकडी थरथरली आणि पुन्हा तिथेच येऊन थांबली. मामा म्हणाला, "ह्यो आजोबांचो होको."

हा तुझा पहिला शब्द. शाळेच्या पुस्तकात त्याला होकायंत्र म्हणतात, दर्यावरच्या माणसांना नुसतं होका पुरतं. अरबीत 'हुक्का' म्हणजे डबी. चुंबकाची सुई ज्या डबीत ठेवायची, तिच्यावरून आख्ख्या यंत्राला नाव पडलं. तंबाखूचा हुक्का तोही त्याच डबीचा भाऊ. अरबी डबीला आपण संस्कृतातलं यंत्र जोडलं आणि होकायंत्र हा शब्द इतका आपलासा केला की तो बाहेरून आला असेल अशी कुणाला शंकाही येत नाही.

दुसरा शब्द माझा सगळ्यात लाडका : मतलई. थंडीत इथे पहाटे अंगणात उभं राहिलं की पाठीमागून, डोंगराच्या बाजूनं गार वारा येतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. तो मतलई वारा. दुपारी जमीन तापली की उलट समुद्राकडून येतो, तो खारा वारा. भूगोलात हे दोन्ही शब्द मी पाठ केले होते. खाऱ्याचा अर्थ उघड होता, पण मतलई म्हणजे काय हे कोणत्याच बाईंनी सांगितलं नाही. अरबीत 'मतला' म्हणजे उगवण्याची जागा. अरब नावाडी ताऱ्यांवरून दिशा सांगायचे : तारा उगवतो तो मतला. सूर्य उगवतो ती पूर्व. आपल्या किनाऱ्यावर जमीन पूर्वेला आहे, तेव्हा जमिनीवरून येणारा वारा तो मतलई, उगवतीचा वारा. बाबा गझला ऐकतात ना? गझलेचा पहिला शेर, जिथून ती उगवते, त्यालाही मतलाच म्हणतात. त्यांना विचार, ते खूश होतील.

आणि हा शब्द शोभेचा नव्हता. शेजारचे तात्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, ते शिडाच्या होडीवर वाढले. ते सांगतात की पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर जायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. इंजिन नसताना रोजचं वेळापत्रक या दोन वाऱ्यांनी लिहिलेलं होतं. मतलई लवकर पडला तर होडी अर्ध्या वाटेत अडकायची, मग वल्ही मारत बसायचं.

आता माणसं. होडीचा म्होरक्या तो तांडेल. खलाशांवर देखरेख करतो तो सारंग, फारसी 'सरहंग' म्हणजे सरदार यावरून. जहाजाचा धनी तो नाखवा. फारसीत नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे मालक, त्या 'नाखुदा'चा आपल्या तोंडी नाखवा झाला. त्यातली 'नाव' तीच आपली नाव, संस्कृतातली नौ. लॅटिनमध्ये ती नाविस होते, आणि तुमच्या शेजारच्या पोर्ट्समथच्या नेव्हीतही तीच आहे. खलाशी हा शब्द खलासवरून, म्हणजे मोकळं, सुटं. आपण 'पैसे खलास झाले' म्हणतो तोच हा खलास. तांडेल, सारंग, नाखवा ही आज आडनावंही आहेत. तुझ्या वर्गातल्या जॉर्डन कुकचे पूर्वज स्वयंपाकी असावेत असं तू म्हणाली होतीस, तसंच हे.

तुमच्या सरांच्या स्टारबोर्डला मात्र माझ्याकडे जोडीचा शब्द नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या नौकांना दिशा द्यायचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून त्यांना त्या बाजूचं वेगळं नाव मिळालं. आपल्या गलबतांचं सुकाणू मागे, बरोबर मध्यावर. सुकाणू हासुद्धा अरबी 'सुक्कान'. पण त्याच्या आधी आपल्याकडे संस्कृत शब्द होताच : कर्ण. कर्ण म्हणजे कान आणि कर्ण म्हणजे सुकाणूही. ते हातात धरतो तो कर्णधार. तू हा शब्द फक्त क्रिकेटमध्ये ऐकला आहेस. भारताच्या संघाचा कर्णधार म्हणताना आपण त्या माणसाला जहाजाच्या मागच्या टोकाशी उभं करत असतो. इकडच्या पेपरात 'सुकाणू समिती' रोज असते, आणि वाचणाऱ्यांतल्या कित्येकांनी सुकाणू डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

गंमत म्हणजे इंग्रजीतही असंच झालं. गव्हर्नमेंट या शब्दाच्या मुळाशी ग्रीकांचा सुकाणू धरणारा बसला आहे. हे सरांना जरूर सांग.

तुला शीड माहीत आहे. ते ज्या उंच लाकडावर चढतं ती डोलकाठी. शीड बांधलेलं आडवं लाकूड ते परबाण. पण डोलकर या शब्दात फसू नकोस. मी लहानपणी डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा असंच समजत होते. डोल हे एक जाळं आहे, मोठ्या पिशवीसारखं, ओढीच्या पाण्यात खुंटांना बांधून ठेवतात. ते लावणारा तो डोलकर. बोंबील त्यातच येतात.

संध्याकाळी मामाबरोबर किल्ल्याच्या बुरुजावर जाऊन आले. खाली वाघोटनची खाडी समुद्राला मिळते आणि आत गिर्ये गावाकडे मराठ्यांच्या काळची आरमारी गोदी आहे, कातळ फोडून केलेली. जहाज भरतीला आत घ्यायचं आणि पाणी ओसरलं की दुरुस्तीला लागायचं. आपली माणसं समुद्रात जायची का, याचं उत्तर त्या कातळात आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणच्या समोरच्या बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, ते समुद्रावर उभं राहायचं म्हणूनच. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं या किनाऱ्यावर फिरायची. 'गुराब' म्हणजे अरबीत कावळा. पुढे चोचीसारखी लांब नाळ, म्हणजे पुढचं टोक, असलेलं ते लढाऊ जहाज. इंग्रजांनी त्याचं आपल्या कागदांत ग्रॅब केलं. 1756 मध्ये पेशव्यांची फौज आणि इंग्रजांचं आरमार मिळून विजयदुर्गावर आले, आणि आंग्र्यांची जहाजं याच बंदरात जळाली. मामा ते सांगताना पाण्याकडे बोट दाखवतो आणि गप्प होतो. मला ते अजूनही लागतं, ओवी. आपल्याच दोन हातांनी आपलंच आरमार बुडवलं.

आरमार हा शब्द पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'वरून आला. ज्यांच्याशी समुद्रावर झुंजलो त्यांच्याकडूनही शब्द घेतला. ते इथून गेले तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीजपासून झालेली एक बोली घराघरांत अजून बोलतात. कधी आपण मुरुडला गेलो तर वाटेत थांबू.

नांगर तुला शेतातला माहीत आहे, आजोबांबरोबर तू धरलाही होतास. जहाजाचाही नांगरच. शेतातला संस्कृत 'लांगल'वरून, पाण्यातला फारसी 'लंगर'वरून. दोन्ही वाटा मराठीत एका शब्दात येऊन मिळाल्या, आणि कुणाला खटकलं नाही, कारण दोघंही जमिनीत दात रोवतात. तुमच्या क्लबात फाळासारखा एक अँकर आहे, त्याला इंग्रजीतही प्लाऊच म्हणतात ना?

आता आजीची गोष्ट. तिच्या तरुणपणी मुंबईला जायचं तर बोट. बोट दूर पाण्यात उभी राहायची, माणसं पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून तिच्यापर्यंत जायची आणि दोराला धरून वर चढायची. या प्रवाशांना उतारू म्हणत. पाणी उतरून पलीकडे जाणारा तो उतारू. एसटीच्या तिकिटापर्यंत हा शब्द पोचला तो पाण्यावरूनच. पावसाळ्यात बोट बंद. आणि चालू असली की आजीला बोट लागायची. तू विचारशील, बोट लागलं की लागली? हाताचं बोट लागलं म्हणजे स्पर्श झाला. बोट लागली म्हणजे पोटात ढवळून आलं, उलटी झाली. पुढे मोटारी आल्या तर तेच क्रियापद उचललं : गाडी लागते. तुला लंडनच्या वाटेवर लागते तीच. इंग्रजीत नॉशिया म्हणतात ना, त्याच्या आतही ग्रीक 'नाऊस' आहे, म्हणजे जहाज. ग्रीकांनाही बोटच लागत होती. हा धागा सापडला तेव्हा मी आजीला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांकाय लिंबू दी होता का कोण?"

एक गोष्ट शब्दांची नाही पण सांगून ठेवते. तुमच्याकडे भरतीचं कोष्टक फोनवर बघता. तात्या कालनिर्णय बघतात. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. आणि पुऱ्या भरतीची वेळ हवी तर तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. मिनिटाचा हिशेब नाही हा, पण होडी ओढायची की थांबायचं एवढं कळतं. तुमच्या साउथॅम्प्टनला हे चालणार नाही, तिथे एका भरतीला पाणी दोनदा टोक गाठतं. तात्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. कोष्टकाचा फोटो पाठव, त्यांना दाखवते. आनंदाला उधाण आलं, व्यवहाराला ओहोटी लागली असं पुण्याची आत्या म्हणते, तिच्या घरापासून समुद्र कितीतरी लांब आहे.

हो, आणि तू ज्यात बसतेस ती डिंगी. सरांना विचार हा शब्द कुठला. तो आपल्याकडचा. बंगाली-हिंदीत डिंगी म्हणजे लहान होडी, तिथून तो इंग्रजांच्या जहाजांवर गेला आणि तुमच्या क्लबच्या पाटीवर पोचला. तसाच मॉन्सून. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ, गलबतं हाकायचा हंगाम. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला, आणि आता आपलं हवामान खातं तो आपल्यालाच रोज ऐकवतं. आम्ही मात्र आंब्याचा मोसमच म्हणतो. यंदा मोहोर बरा आलाय.

पाच शब्द हवे होते. होका, मतलई, नाखवा, नांगर, सुकाणू एवढे घेऊन जा. सहावा म्हणून डिंगी शेवटी सांग आणि सरांचा चेहरा बघ. होक्याचा फोटो मामा रात्री पाठवतो, पण तबकडी फिरताना दिसायला हवी म्हणून व्हिडिओच काढायला सांगितलाय.

तात्यांनी उद्या पहाटे धक्क्यावर बोलावलंय. त्यांचा नातू इंजिनची होडी नेतो, पण त्यांनी जुनं शीड अजून जपून ठेवलंय, ते उलगडून दाखवणार आहेत. साडेपाचला निघायचं, म्हणजे मतलई पाठीवर असेल. तुझा फोन तेव्हा आला तर वाऱ्याचा आवाज ऐकवीन.

तुझी,
आई