मुंबईहून आलेली जुनी हॉलोबॉडी गिटार पॉलिश करून विकावी का?

तुम्ही विचारलंय की मावशीचे यजमान मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांची १९६० च्या आसपासची इलेक्ट्रिक गिटार आता यवतमाळकडच्या तुमच्या गावी आली आहे. आतून पोकळ, वरती एफच्या आकाराची दोन भोकं, डोक्यावर गिब्सन या अमेरिकन कंपनीचं नाव, आणि रंगाला बारीक तडे. गावचा सुतार म्हणतो, फ्रेंच पॉलिश मारून देतो, भाव चांगला येईल.

मारू देऊ नका. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

ते तडे म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं वय आहे. लाकूड फुगतं-आकसतं, वरचा पातळ थर तेवढा ताणला जात नाही, म्हणून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पडतात. संग्राहकाला त्याच रेघा हव्या असतात. मूळ रंग काढून नवा चढवला की भाव साधारण निम्म्यावर येतो, असा जुन्या गिटारींच्या बाजारातला हिशोब आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहा. नाव नीट वाचा, बी आहे की व्ही. कोलकात्याच्या गिवसनच्या गिटारी आपल्याकडे भरपूर खपल्या, मी स्वतः तिच्यावरच शिकलो. ती असेल तर वाजवा, विकण्याचा विचार सोडा. जपानी नकलाही बऱ्याच आहेत. खऱ्या गिब्सनमध्ये, त्या काळातली असेल तर, जाड तारांच्या बाजूच्या एफ होलमधून आत नारंगी लेबल दिसतं, त्यावर मॉडेल आणि नंबर. मॉडेल ईएस-१७५ निघालं तर तुमच्या मावशीचे यजमान पक्के जॅझवाले. १९४९ साली ती निघाली तेव्हा किंमत १७५ डॉलर होती, म्हणून ते नाव. १९५७ पासून तिच्यात हंबकर पिकअप, म्हणजे गुणगुण मारणारे दोन गुंडाळ्यांचे पिकअप, येऊ लागले. जो पास आणि जिम हॉल या जॅझ गिटारवाल्यांचा तो मऊ, गोल आवाज याच मॉडेलचा.

आता दुसऱ्या एफ होलमधून, व्हॉल्यूमच्या बटणांच्या बाजूने, मोबाइलचा टॉर्च मारा आणि दाढीचा छोटा आरसा तिरका धरा. बटणांखाली पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारे छोटे गोल पुर्जे, दिसतील, त्यांच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात. १३४ किंवा १३७ हे बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. म्हणजे १३४६११५ असेल तर पॉट १९६१ च्या पंधराव्या आठवड्यातला, आणि पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही.

हे मी इतकं रंगवून सांगतोय कारण माझ्या जुन्या हॉलोबॉडीचं असंच जन्मसाल मी गमावलं. बटण खरखरत होतं म्हणून तालुक्याच्या गावी एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे दिली. खरं तर नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम. पण त्याने पॉट एफ होलमधून बाहेर ओढले, नवे बसवले आणि जुने कचऱ्यात टाकले. वर नवे पॉट परत भोकात बसेनात, कारण आधी दांडीला दोरा बांधून ठेवायचा असतो, म्हणजे त्याच दोऱ्याने आतून ओढून ते जागेवर आणता येतात. दोन दिवस मी सायकलच्या स्पोकने मासे पकडावे तसे पॉट पकडत बसलो. चूक माझीच. पुढ्यात बसून काम करून घ्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट ब्रिजची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीची. या गिटारीचा लाकडी ब्रिज चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबावर उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो घसरतो आणि मग कितीही लावा, वरचे सूर बेसूरच. तारा एकेक करून बदला. घसरलाच तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर जुळेपर्यंत ब्रिज केसभर मागेपुढे सरकवा. तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत, बाराच्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच) घ्या. तुम्हाला वाजवायची नसली तरी जॅझवाल्या गिऱ्हाइकाला दाखवताना त्याच शोभतात.

आणि आपलं हवामान. मला विचाराल तर सुताराइतकंच धोक्याचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला आणि हवा पापडासारखी कोरडी. दुपारभर खोलीत कूलर चालला की हवा ओली, लाइट गेली की तासाभरात पुन्हा कोरडी. लाकडाचे जोड सुटतात ते या ये-जा मुळे. मी एका उन्हाळ्यात गिटार कूलरसमोरच्या भिंतीला टांगली होती, तिच्या कडेची बाइंडिंगची पट्टी कंबरेजवळ सुटून आली. टिनाखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका, आणि कापूस भरलेल्या खोलीतही नको. ती धूळ एकदा एफ होलमधून आत गेली की निघत नाही. पेटीत ठेवा, सोबत शेदोनशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा काटा. ४५ ते ५५ टक्के बरं. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. रबरी स्टँडवर टेकवू नका, रबर लॅकरला खातं.

टरबूज वाजवून पाहतो तसं पाठीवर बोटाच्या पेराने हलकं वाजवून बघा. माझी आई म्हणायची, "हे तं भोपळ्यावानी वाजून राह्यलं बाप्पा." भोपळ्यासारखं वाजलं तर ठीक. कुठे झर्र करून थरथरलं तर आतली पट्टी सुटली आहे. तिथे फेव्हिकॉल नको. सरसाचा जोड गरम करून पुन्हा उघडता येतो, फेव्हिकॉलचा उघडताना लाकूड घेऊन येतो.

सोबत ॲम्प आला असेल आणि मागे ११७ किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या प्लगला लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. परदेशात विकणार असाल तर फिंगरबोर्डचं, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीचं, लाकूड तपासून घ्या. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमेबाहेर जात नाही.

विकायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी विकली नसती. निदान पावसाळा संपेपर्यंत थांबा, लेबल आणि पॉटचे फोटो इथे टाका, मग भावाचं बोलू. आणि आर्वीकडे कधी आलात तर गिटार घेऊन या, फक्त एसटीच्या टपावर टाकू नका.