खेळाचं पान : शंभरच्या आत यायचंय, तेही दोन महिन्यांत

प्रश्न : नमस्कार सर, मी कोपरखैरण्याला राहतो, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, वय 42. गोल्फ सुरू करून दोन वर्षं झाली, जमेल तसं खारघरला सिडकोच्या कोर्सवर जातो, बाकी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बॉल मारतो. 18 होलला मिळून आतापर्यंतचा बेस्ट 107 शॉट आहे. दोन महिन्यांनी कंपनीची टूर्नामेंट आहे आणि माझं नाव नेमकं बॉसच्या ग्रुपमध्ये लागलंय, त्यामुळे काहीही करून शंभरच्या आत यायचंय. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, मारलेला बॉल सारखा उजवीकडे पळतो. नवीन घेऊ का, की कोच लावून स्विंग मुळापासून बदलू? घरून दोन्हीला विरोध आहे.

उत्तर : दोन्ही नको. यावेळी घरच्यांचं ऐका.

बॉल उजवीकडे पळतो कारण बॉलला लागताना क्लबचं तोंड स्विंगच्या वाटेच्या मानाने उघडं राहतं, आणि ते नवीन ड्रायव्हरमध्येही तेवढंच उघडं राहणार, फक्त बॉल थोडा जास्त लांब जाऊन झाडीत पडेल. आणि स्विंग मुळापासून बदलायला घेतला की आधी खेळ बिघडतो, मग कधीतरी सुधारतो, आणि तुमची टूर्नामेंट बरोब्बर त्या बिघडलेल्या काळात येणार. कोचकडे जायचंच तर एकदा जा, ग्रिप आणि उभं राहण्याची दिशा बघून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा की दोन महिने स्विंगला हात लावायचा नाही.

आता हिशोब बघा. पार म्हणजे होलला ठरवून दिलेले शॉट, एक जास्त लागला की बोगी, दोन जास्त लागले की डबल बोगी, एक कमी लागला की बर्डी. पार 72 चा कोर्स धरला तर 99 म्हणजे 27 ओव्हर, म्हणजे नऊ होलवर बोगी आणि नऊ होलवर डबल बोगी, एकही पार नाही. लोक शंभरच्या आत यायला बर्डीची स्वप्नं बघतात, इथे पारसुद्धा लागत नाही! तुम्हाला आठ शॉट कमी करायचेत. मागची तीन-चार स्कोअरकार्डं काढा आणि ज्या होलवर 7, 8, 9 लिहिलंय तिथे गोल करा, तुमचे ते आठ शॉट बहुतेक तिथेच सापडतील. आणि हो, राग नका मानू पण 107 मध्ये मित्रांनी सोडलेले पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल घरंगळवायचे शॉट) आणि पहिल्या टीवरचा (होलच्या सुरुवातीच्या जागेवरचा) 'परत मार रे' वाला बॉल धरलाय का? धरला नसेल तर खरा आकडा 112 सुद्धा असू शकतो, तो आधी कळू दे, नाहीतर टूर्नामेंटला सगळं खेळून झाल्यावर बॉससमोर कळेल.

इथे कोणीतरी म्हणेलच की कोलंबिया युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर मार्क ब्रोडी यांनी तर उलट दाखवलंय, चांगल्या आणि साध्या खेळाडूतला फरक साधारण दोन तृतीयांश लांबच्या शॉटमधून येतो आणि चिप (ग्रीनच्या बाजूने मारायचा छोटा शॉट) आणि पटमधून एक तृतीयांश. बरोबर आहे, मलाही ते पटतं, दोन-तीन वर्षांचा विचार करत असाल तर लांबीवरच काम करा. पण प्रश्न दोन महिन्यांचा आहे आणि दोन महिन्यांत तुमचा ड्रायव्हर काही 30 यार्ड वाढणार नाही, दंडाचे आणि फुकट गेलेले शॉट मात्र लगेच कमी होतात. म्हणून मी तिथेच बोट ठेवतोय.

टीवरून सुरुवात करू. समजा 400 यार्डांचा पार 4 आहे आणि तुमचा 7 आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) 135 यार्ड जातो. तीन वेळा 7 आयर्न मारला की 405 यार्ड, म्हणजे ग्रीनवर, मग दोन पट, झाली बोगी. ड्रायव्हर बॅगेतून बाहेरच काढला नाही! मी असं म्हणत नाही की अख्खा राउंड 7 आयर्नने खेळा, बॉस काय म्हणेल, पण जिथे उजवीकडे पांढरे खुंटे (कोर्सची हद्द) किंवा झाडी आहे तिथे जो क्लब तुमचा सरळ जातो, हायब्रिड असेल, 5 आयर्न असेल, तोच घ्या. कारण पांढऱ्या खुंट्यापलीकडे बॉल गेला की तो एक, दंडाचा एक, आणि तुम्ही टीवरून तिसरा शॉट मारताय, म्हणजे एक इंचही पुढे न जाता होल गेला. काही ठिकाणी लोकल रूल असतो की दोन दंडाचे घेऊन फेअरवेच्या (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या) कडेला ड्रॉप घेता येतो, म्हणजे बॉल हाताने टाकून पुढे खेळता येतं, तो तुमच्या टूर्नामेंटला आहे का हे आधी विचारून ठेवा. बॉल हरवल्याची शंका आली तरी प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा बॉल, मारा, आणि मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द मोठ्याने बोला, नुसतं 'अजून एक मारतो' म्हटलं की पहिला बॉल बाद. शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, 2019 पासून, आधी पाच होती, आपल्याकडे अजून बरेच जण पाच धरूनच गवत तुडवत असतात. लाल खुंटे (तळ्या-ओढ्यासारखी दंडाची जागा) असतील तर एवढं वाईट नाही, एक दंड आणि बॉल जिथून आत गेला तिथून दोन क्लब लांबीत ड्रॉप, होलच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही.

झाडीत बॉल सापडला आणि दोन फांद्यांमधून होलचा झेंडा दिसतोय म्हणून तिकडे मारायचा मोह होतो ना, तिथेच तो 8 आणि 9 तयार होतो. आडवा काढा, फेअरवेवर आणा, एक शॉट गेला तर गेला.

आता ग्रीनच्या बाजूचं, यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त शॉट इथे फुकट जातात. बॉल ग्रीनपासून चार पावलांवर, मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नाही काही नाही, गवत छोटं, आणि आपला माणूस काय काढतो तर सँड वेज (बॉल उंच उडवायचा क्लब), कारण टीव्हीवर तसं बघितलेलं असतं. मग बॉलच्या खाली क्लब घालून उचलायला जातो, क्लब आधी मातीत, बॉल दोन फूट पुढे. पुढचा शॉट रागात, बॉलच्या डोक्यावर, तो ग्रीन ओलांडून पलीकडे. चार पावलांवरून पाच शॉट. त्याऐवजी 8 आयर्न घ्या, पटरसारखा पकडा, ग्रिपवर जरा खाली हात घ्या, पाय जवळ, बॉल उजव्या पायासमोर, हात बॉलच्या थोडे पुढे, वजन डाव्या पायावर आणि ते तिथेच राहू द्या. मग मनगट न मोडता पट मारतो तसं फक्त खांद्यांनी हलवायचं. बॉल जेमतेम घोट्याएवढा उडतो, ग्रीनच्या कडेवर पडतो आणि बाकी घरंगळत जातो. दिसायला काहीच नाही, कोणी वा म्हणणार नाही, पण दोन महिने रेंजवर अर्धा वेळ हेच करा, ड्रायव्हरला उरलेल्यातला थोडा. गवत अगदी बारीक कापलेलं असेल तर सरळ पटरच वापरा. बंकरमध्ये गेलात तर नेम झेंड्यावर नको, फक्त बाहेर, कुठल्याही बाजूने.

लांबून ग्रीनवर मारतानाही झेंडा विसरा, ग्रीनचा मधला भाग बघा आणि वाटतो त्यापेक्षा एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब जाणारा, घ्या. आपण अंतर आयुष्यातल्या सगळ्यात भारी 7 आयर्नवरून मोजतो, रोजच्या नाही, म्हणून बॉल कायम अलीकडेच पडतो. आणि शक्य असेल तर सकाळची वेळ मागा, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की स्लाइसवाल्याचे, म्हणजे तुमच्यासारखा बॉल उजवीकडे पळणाऱ्याचे, हाल असतात.

एक महत्त्वाचं राहिलंच, टूर्नामेंटचा फॉरमॅट विचारा. स्टेबलफोर्ड (दर होलला पॉइंट मिळणारा प्रकार) असेल तर तुमच्या हँडिकॅपच्या (तुमच्या खेळाप्रमाणे मिळणाऱ्या जादा शॉटच्या) मानाने डबल बोगी किंवा त्याहून वाईट झालं की त्या होलला शून्य पॉइंट, विषय संपला, बॉल उचला आणि पुढच्या होलवर जा. तिथे 99 चा काही संबंधच नाही, आणि मग तो आकडा तुम्ही टूर्नामेंटच्या आधी एखाद्या रविवारी मित्रांबरोबर सगळे पट पूर्ण करून गाठा. स्ट्रोक प्ले (सगळे शॉट मोजायचा प्रकार) असेल तर मात्र छोटा पटसुद्धा आत घालावा लागतो, तिथे 'सोडला' चालत नाही, बॉसलाही नाही, ते त्यांना कोण सांगणार हा तुमच्या अप्रेजलचा प्रश्न.

प्रश्न : मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते, वय 56. मिस्टरांबरोबर गोल्फ सुरू केलं, ग्रीनपर्यंत मी त्यांच्याइतकीच येते पण ग्रीनवर मला तीन-तीन, चार-चार पट लागतात. इथून कोर्स लांब, ट्रॅफिक तर तुम्हाला माहीतच आहे. घरी काही करता येईल का?

उत्तर : ताई, पट ही एकच गोष्ट आहे जी घरी खरंच होते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की लांबचा पट आत जायला हवा. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. तुम्ही 25 फुटांवरून तो घालायला जाता, बॉल पाच फूट पुढे जातो, परत येताना चुकतो, झाले तीन. तीन पट दिशेमुळे कमी आणि वेगामुळे जास्त होतात. पहिला पट होलच्या आसपास मीटरभरात थांबला की काम झालं.

घरी दोन गोष्टी. एक दिशेसाठी : फरशीच्या दोन टाइल्समधली रेघ असते ना, बॉल त्या रेघेवर ठेवा आणि रेघेवरूनच तीन-चार फूट चालवा. पटरचं तोंड जरा तिरकं झालं की बॉल लगेच रेघ सोडतो, कोणी सांगायची गरज नाही. होल 108 मिलिमीटरचा आणि बॉल साधारण 43 चा, म्हणजे होलमध्ये अडीच बॉल मावतील एवढी जागा आहे, मीटरभरावरून रेघ पकडली तर तो जातोच. दुसरं वेगासाठी : पॅसेजमध्ये सतरंजी अंथरा, कारण टाइल्स फार पळतात, आणि टोकाला पायपुसणं टाका. बॉल पायपुसण्यावर थांबायला हवा, ओलांडूनही नाही आणि अलीकडेही नाही. दर वेळी वेगळ्या अंतरावरून मारा, एकाच जागेवरून वीस वेळा मारून काही शिकायला मिळत नाही. मारताना मागे किती न्यायचं याचा विचार करू नका, नुसतं पायपुसण्याकडे बघत दोन वेळा हात हलवा आणि मग मारा, हाताला अंतर आपोआप कळायला लागतं. रात्री अकरानंतर नको, खालच्या मजल्यावर बॉलचा आवाज जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येतं.

कोर्सवर पोचलात की खेळण्याआधी सरावाच्या ग्रीनवर फक्त लांबचे पट मारा, त्या दिवशी ग्रीन किती पळतंय ते कळतं. सकाळी दव असताना बॉल हळू जातो आणि ऊन चढलं की तेच ग्रीन पळायला लागतं, तेव्हा सातव्या-आठव्या होलपासून जरा हलका हात. पट वाचायला होलच्या खालच्या बाजूने जा, उतार तिथून स्पष्ट दिसतो. मिस्टरांना हे सांगायचं की नाही ते तुमच्यावर.

प्रश्न : सर मी वाशीला राहतो, एफवायला आहे. बाबांचा बेस्ट 98 आहे आणि माझा 101, पण त्यांचा एका छोट्या सोप्या कोर्सवरचा आणि माझा पुण्याकडच्या एका लांब अवघड कोर्सवरचा. बाबा म्हणतात आकडा तो आकडा. खरं कोण पुढे?

उत्तर : आकडा तो आकडा नसतो म्हणून तर कोर्स रेटिंग (उत्तम खेळाडूला त्या कोर्सवर किती शॉट लागतील) आणि स्लोप (साध्या खेळाडूला तो कोर्स त्या मानाने किती अवघड) आले. स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं आणि उत्तराला 113 भागिले स्लोप याने गुणायचं. समजा बाबांच्या कोर्सचं रेटिंग 67 आणि स्लोप 110, तर त्यांचे येतात 31.8. तुझ्या कोर्सचं 72 आणि 130 धरलं तर तुझे 25.2, आणि इथे कमी म्हणजे चांगलं. हँडिकॅप काढताना एका होलचे जास्तीत जास्त किती शॉट धरायचे यालाही मर्यादा असते, पण घरातल्या भांडणासाठी एवढं पुरे. मी आकडे उदाहरणाला घेतलेत, खरे आकडे बहुतेक स्कोअरकार्डवरच छापलेले असतात आणि टीच्या रंगाप्रमाणे बदलतात, तेव्हा बाबांना हे पान दाखवण्याआधी तू पुढच्या, म्हणजे होलच्या जवळच्या, टीवरून खेळला होतास का तेवढं आठव.