मंजूर झालेल्या बीपीच्या गोळीचे दोष नंतर का सापडतात

तुम्ही विचारलंय की आई चार वर्षं घेत असलेल्या बीपीच्या गोळीवर आता नवीन वॉर्निंग आलीये, मग मंजुरी देणारे तेव्हा झोपले होते का, आणि गोळी बंद करू का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही बीपीची औषधं, उदा. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी औषधं), एकदम तोडली तर उलटतात, बीपी आधीपेक्षा वर जातं.

आता पहिला प्रश्न. मी बरीच वर्षं साइड इफेक्टचे रिपोर्ट वाचायचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो. झोपले नव्हते हो, त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. हजारात एकाला होणारा त्रास ट्रायलमध्ये, म्हणजे मंजुरीआधी लोकांवर होणाऱ्या चाचणीत, निदान एकदा दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३,००० लोकांना औषध द्यावं लागतं, दहा हजारात एकाला होणारा असेल तर ३०,०००. एवढे लोक बहुतेक ट्रायलमध्ये नसतातच, आणि जे असतात ते निवडून घेतलेले, किडनी खराब असलेला नको, गरोदर बाई नको, पाच औषधं चालू असलेले आजोबा तर नकोच. बाजारात आल्यावर गोळी खातात नेमके तेच आजोबा!

त्यात बीपीच्या गोळीची खास गोची अशी की ती आयुष्यभर चालते आणि तिचे त्रास म्हातारपणासारखेच दिसतात. चक्कर आली, पाय सुजले, रात्री खोकला येतो... वय झालं, दुसरं काय. कॅप्टोप्रिलचंच बघा, अमेरिकेत १९८१ ला मंजूर झालं, आणि त्या गटातल्या औषधांनी घशात खवखवून कोरडा खोकला येतो हे पुढच्या काही वर्षांत वापरता वापरता नीट लक्षात आलं. त्याआधी किती जणांनी खोकल्याची औषधं ढोसली असतील देव जाणे, कारण खोकला आणि बीपीची गोळी यांचा संबंध कोण लावणार.

माझं आवडतं (आवडतं कसलं म्हणा) उदाहरण ओल्मेसार्टनचं. २००२ ला अमेरिकेत मंजुरी. २०१२ मध्ये तिथल्याच मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २२ पेशंटची हकीकत छापली. महिनोन्‌महिने जुलाब, वजन उतरत चाललेलं, आतड्याचा तुकडा तपासला तर सीलिॲकमध्ये, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होतं त्या आजारात, दिसतो तसा, पण गहू बंद करून काडीचा फरक नाही. सगळ्यांत समान धागा एकच, ही गोळी. ती थांबवल्यावर जुलाब थांबले. २०१३ मध्ये एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) लेबलवर हे टाकायला लावलं. म्हणजे अकरा वर्षं. आणि हा त्रास गोळी सुरू करून काही महिन्यांनी, काहींना तर वर्षांनी होतो, मग परवा सुरू केलेल्या ॲंटिबायोटिकवर संशय जातो, जुन्या गोळीवर नाही.

कधी लवकरही पकडतात. मिबेफ्राडिल १९९७ मध्ये आलं आणि वर्षभरात परत गेलं, कारण ते लिव्हरमधलं औषधं पचवणारं एन्झाइम अडवायचं, त्यामुळे पंचविसाहून जास्त औषधांशी त्याचं जमत नव्हतं. एकटं घेतलं तर तसं बरं होतं, पण बीपीवाला पेशंट एकटी गोळी घेतो कधी?

हे पकडायचं कसं, तर रिपोर्ट गोळा करून. किती लोक गोळी खातायत हे रिपोर्टवरून कळत नाही, म्हणून 'एवढ्या टक्के लोकांना होतं' असं त्यावरून सांगता येत नाही. बघतात ते हे की या औषधाच्या रिपोर्टांत, समजा, जुलाबाचं प्रमाण बाकी औषधांच्या मानाने फारच जास्त आहे का. असेल तर तो सिग्नल. सिग्नल म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, नुसता संशय, मग मोठ्या डेटात तपासतात. हायड्रोक्लोरोथायझाइड या बीपीच्या गोळीचं बघा, २०२० मध्ये एफडीएने स्किन कॅन्सरचा इशारा लेबलवर घेतला, पण जास्तीची केस किती तर वर्षाला साधारण १६,००० पेशंटमागे एक. वॉर्निंग आली की आधी हा आकडा शोधा, नुसता 'कॅन्सर' शब्द वाचून घाबरू नका.

वाल्सार्टनची भानगड मात्र वेगळी. २०१८ मध्ये जे परत मागवलं त्यात औषधाचा दोष नव्हता, कारखान्यात बनवायची पद्धत बदलल्याने एनडीएमए नावाची अशुद्धी तयार होत होती. तीही कॅन्सरवालीच, पण कॅन्सर व्हायला वर्षं लागतात आणि तो कुणी बीपीच्या गोळीच्या नावावर रिपोर्ट करत नाही, म्हणजे आमच्यासारख्यांनी जन्मभर रिपोर्ट वाचले असते तरी सापडलं नसतं, ते लॅबमध्येच सापडलं. एफडीएचा अंदाज होता की ८,००० लोकांनी सर्वात मोठा डोस चार वर्षं घेतला तर त्यांच्या सगळ्यांच्या आयुष्यात मिळून एक जास्तीचा कॅन्सर, आणि म्हणूनच त्यांनी बदली गोळी हातात येईपर्यंत जुनी चालू ठेवा असं सांगितलं होतं.

आता तुमचं काम. पेशंट किंवा घरचेही रिपोर्ट करू शकतात, बऱ्याच देशांत तशी सोय आहे. पण कसा करता यावर सगळं आहे. 'बीपीच्या गोळीने चक्कर येते' असे रिपोर्ट मी ढिगाने वाचलेत, त्यांचं काही करता येत नाही. एकदा एका मुलीने वडिलांच्या कॅलेंडरवरून लिहून पाठवलं होतं: गोळी कधी सुरू, डोस कधी डबल केला, नऊ दिवसांनी घोट्याला सूज, मध्ये गुडघ्यासाठी चार दिवस पेनकिलर, डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर दोन आठवड्यांत सूज उतरली. असा एक रिपोर्ट त्या शंभरांना भारी. पेनकिलर आणि काढे-चूर्णं लोक हमखास लिहायची विसरतात, ती 'औषधं' वाटतच नाहीत ना.

आणि हो, रिपोर्टमध्ये बॅच नंबरही लिहा. तो स्ट्रिपच्या एका कडेला छापलेला असतो आणि आपण नेमकं तिथूनच कापायला सुरुवात करतो. उद्यापासून दुसऱ्या टोकाकडून काढा, आणि आईच्या गोळीचं नाव, मिलिग्राम, सोबतची बाकी औषधं इथे टाका, मग बघू ती वॉर्निंग त्यांना किती लागू होते.