सर्व्हेत मागे असलेल्या उमेदवाराला मत द्यावे का?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आपल्याला पटलेला उमेदवार सर्व्हेत मागे असेल, तर त्याला दिलेले मत वाया जाते का, हा तुझा प्रश्न पहिल्यांदा मतदान करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो.

सर्व्हेने माणसाचे मत क्वचितच बदलते. पाच वर्षे ज्या आमदारावर चिडलो, तो निवडून येणार हे वाचून कुणाचा राग जात नाही. बदलतो तो इतरांविषयीचा आपला अंदाज. मग कुणी वारे पाहून जिंकणाऱ्याकडे झुकतो, कुणी हरणाऱ्याची बाजू हट्टाने घेतो, कुणी नावडत्याला पाडण्यासाठी पहिली पसंती सोडून दुसरीकडे वळतो आणि कुणी ‘निकाल तर लागलाच आहे’ म्हणून घरी बसतो. हे ओढे परस्परविरोधी असल्यामुळे एखाद्या सर्व्हेने अमुक टक्के मते फिरवली असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याचे बोलणे जपूनच ऐकावे. माझ्या मते मतदारापेक्षा कार्यकर्त्यावर होणारा परिणाम मोठा असतो. हरणार असे ठरले की बूथवर बसायला माणूस मिळत नाही, आणि त्याची किंमत मतमोजणीत दिसते.

आता आकड्याकडे पाहा. मध्य प्रदेशात दहा हजार लोकांना विचारले, असे जाहीर झाले तरी 230 मतदारसंघांत वाटणी केल्यावर एका जागेच्या वाट्याला जेमतेम 43 माणसे येतात. बरेचदा तर निवडक मतदारसंघांतच विचारणा होते, म्हणजे आपल्याकडे कुणी फिरकलेलेही नसते. दारात वही किंवा टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलाला सासरे उत्तर देतात आणि मागे उभ्या असलेल्या सुनेचे मत त्यातच धरले जाते, हे आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या वाड्यांत सहज घडू शकते. त्यातून मतांची टक्केवारी कदाचित बरी निघेल, पण टक्क्यांवरून जागा काढणे हे निराळेच धाडस आहे. 2018 साली राज्यात भाजपला काँग्रेसपेक्षा किंचित जास्त मते मिळाली, आणि तरीही जागा 109 विरुद्ध 114 अशा काँग्रेसच्या जास्त आल्या. हजार माणसांच्या चांगल्या नमुन्यातही सुमारे तीन टक्के इकडेतिकडे होतात, तिथे इतका बारीक फरक कुठून पकडला जाणार?

त्याच निवडणुकीत आपल्या ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल 121 मतांनी लागला. राज्यभराचा कोणताही सर्व्हे एवढे अंतर दाखवू शकत नाही, आणि तुझे मत पडते ते राज्याच्या खात्यात नव्हे, तर याच एका जागेवर.

म्हणून सर्व्हे वाचूच नकोस असे मी म्हणणार नाही. मीही वाचतो, चवीने वाचतो. मात्र विचारणा कोणत्या तारखांना झाली, पैसे कुणी दिले, न ठरवलेल्या मतदारांचे काय केले, एवढे आधी शोध. ही माहिती दिलेलीच नसेल, तर पुढचा रंगीत तक्ता पाहण्यात वेळ घालवू नकोस. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत त्या भागात टीव्हीसारख्या माध्यमांवर जनमत चाचणी दाखवायला कायद्याने मनाई आहे, आणि एक्झिट पोल तर शेवटच्या टप्प्याचे मतदान आटोपून अर्धा तास झाल्याखेरीज दाखवता येत नाहीत. तेव्हा आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर ‘ताजा सर्व्हे’ आला, तर तो पुढे पाठवू नकोस आणि आजोबांनाही पाठवू देऊ नकोस.

मतदार यादीत नाव आले का, तेवढे कळव. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका